पंडिता रमाबाई आणि त्यांनी पाहिलेली अमेरिका

मंडळाच्या वर्धापनदिनी एखाद्या थोर स्त्रीच्या चरित्राचे स्मरण करावे, ही रीत चांगली आहे. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी सातवी शिकलेली, घर आणि कांद्याची चाळ सांभाळणारी बाई. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीबद्दल मी अधिक ते काय लिहिणार? परंतु त्यांच्या चरित्रातला एक भाग असा आहे की, तो आपल्या हायस्कूलमधल्या मुलामुलींना मुद्दाम सांगावा असे मला वाटते. रमाबाईंनी विधवांसाठी घर काढले हे बहुतेकींना ठाऊक असते. त्या अमेरिकेत तीन वर्षे राहून आल्या आणि त्या देशाचे चांगले व वाईट दोन्ही त्यांनी मराठीत लिहून ठेवले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज त्यांचे चरित्र मी या बाजूने सांगणार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानात झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. तरुणपणी त्यांनी पेशव्यांच्या वाड्यात बाईमाणसाला संस्कृत शिकविले जाताना पाहिले होते. ते त्यांच्या मनात ठसले, आणि पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. बायकोला देवभाषा शिकविली म्हणून लोक फार रागावले, परंतु शास्त्रीबुवा डगमगले नाहीत. त्यांनी रानातच आश्रम केला. तेथे लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी आपल्या धाकट्या लेकीकडून श्लोक पाठ करून घेतले. आईच्या तोंडून विद्या मिळालेली अशी मुलगी त्या काळात विरळाच.

पुढे घरची स्थिती ढासळली. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव हिंडू लागले. त्यातच दक्षिणेत दुष्काळ पडला. अंगावरचे दागिने, घरची भांडी सर्व विकून झाले. शेवटी उपासमारीने खंगून आईवडील आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री दोघेच उरले. हजारो मैल पायी चालत ती दोघे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा दोन पदव्या दिल्या.

सुख मात्र त्यांच्या वाट्याला थोडेच आले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. जात वेगळी, भाषा वेगळी. लोकांनी नावे ठेवली, पण संसार प्रेमाचा होता. १८८१ साली मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. कडेवर दहा महिन्यांचे लेकरू आणि वय अवघे तेवीस!

रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली आजीच म्हणावयाची. सरकारने शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे जाऊन रमाबाईंनी साक्ष दिली की, मुलींसाठी शिक्षिका हव्यात आणि बायकांच्या औषधपाण्यासाठी बायका डॉक्टर हव्यात. स्वतः डॉक्टर व्हावे या हेतूने १८८३ साली त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण साधले नाही. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे मोठा गहजब झाला. पुष्कळांना ते रुचले नाही, आणि आजही याबद्दल मतभेद असतील. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या पायाशी ठेवली नाही. इंग्लंडात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास काही धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी सडेतोड उत्तरे दिली. त्यांचे राहणे, शाकाहार आणि लुगडे परदेशातही सुटले नाही.

आता अमेरिकेची गोष्ट. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या कॉलेजात डॉक्टरी शिकत होत्या. त्यांना पदवी मिळावयाची होती. त्या समारंभाचे आमंत्रण रमाबाईंना आले आणि १८८६ च्या मार्चमध्ये त्या मनोरमेसह तेथे पोहोचल्या. ११ मार्च रोजी एक महाराष्ट्रीय मुलगी डॉक्टर झाली आणि दुसरीने ते डोळे भरून पाहिले. दुर्दैव असे की, वर्षाच्या आतच आनंदीबाई पुण्यात वारल्या.

रमाबाई थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या, त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगाव हिंडून त्यांनी हिंदुस्थानातल्या बालविधवांची दैना सांगितली. १८८७ साली त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले. त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्या लोकांनी दहा वर्षे विधवागृहाचा खर्च चालविण्याचे कबूल केले. शाळा कशा चालतात, लहान मुलांना खेळातून कसे शिकवितात, बायका सभा कशा भरवितात, वर्गणी कशी गोळा करतात, दारूबंदीसाठी कशा झटतात, हे सारे रमाबाईंनी बारकाईने पाहिले. १८८८ च्या अखेरीस सॅनफ्रान्सिस्कोहून जहाजाने जपानमार्गे त्या निघाल्या आणि १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरल्या.

त्याच वर्षी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात त्यांचे मराठी पुस्तक छापले गेले. युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त असे त्याचे नाव. त्या काळी आपल्याकडे अमेरिकेला पाताळ म्हणत. पायाखालचा देश म्हणून पाताळ! त्या पाताळाची सारी माहिती एका बाईने मराठी वाचकांपुढे ठेवली. राज्यकारभार, घरसंसार, शाळा, व्यापार, बायकांच्या संस्था असे सर्व त्यात आहे. राजा नसलेला देश, इंग्रजांचे जू झुगारून दिलेला देश, म्हणून रमाबाईंना अमेरिकेचे फार कौतुक. आपण त्या वेळी इंग्रजांच्या अंमलाखाली होतो. तेव्हा हे कौतुक वाचणाऱ्याच्या मनात काय येत असेल, ते सांगावयास नको.

परंतु रमाबाई कौतुकावर थांबल्या नाहीत. त्या देशाच्या मूळ रहिवाशांचे गोऱ्या लोकांनी काय केले, हेही त्यांनी लिहिले. कोलंबस निघाला होता आपला हिंदुस्थान शोधायला. पोहोचला तिकडे, आणि तेथील माणसांना इंडियन म्हणू लागला. नाव आपले, पण हाल त्यांचे झाले! काळ्या लोकांना गुलामीतून सोडविले तरी त्यांना हलके लेखतात, हेही त्यांनी सांगितले. स्वातंत्र्याच्या एवढ्या गोष्टी करणारे लोक आपल्याच बायकांना मताचा हक्क देत नाहीत, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. रमाबाई तेथे होत्या त्या १८८६ सालीच न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा भव्य पुतळा उभा राहिला. पुतळा बाईचा, परंतु साऱ्या देशातल्या बायकांना मत मिळाले ते १९२० साली!

भगिनींनो, मला रमाबाईंचे मोठेपण येथे दिसते. ज्यांच्या पैशावर आपल्या विधवागृहाची चूल पेटणार आहे, त्यांच्याच देशाचा अन्याय त्यांनी झाकून ठेवला नाही. आपण कोणाकडून चार रुपये उसने घेतले तर त्याच्यासमोर मान वर करायला कचरतो. रमाबाईंनी उपकार मनापासून मानले, पण त्यासाठी खरे बोलणे सोडले नाही.

आपल्या आळीतल्या हायस्कूलच्या मुली कधीकधी माझ्याकडे इतिहासातले विचारायला येतात. साम्राज्यवाद म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रज येतो. अमेरिकेनेही दुसऱ्यांचे मुलूख घेतले म्हटले की त्या चकित होतात. मी त्यांना रमाबाईंपासूनच सुरुवात करून सांगते. रमाबाई तेथे असताना, १८८७ साली, एक कायदा झाला. मूळ रहिवाशांची सामाईक जमीन तुकडे पाडून माणशी वाटावयाची आणि उरलेली गोऱ्यांना खुली करावयाची. त्या वेळी त्यांच्याकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत त्यातली सुमारे ४ कोटी ८० लाख एकर उरली. बाकीची गेली. कागद कायद्याचा होता, गोड बोलणे सुधारणेचे होते, आणि जमीन मात्र गेली. कळवण आणि सुरगाण्याच्या डोंगरात आपले आदिवासी बांधव राहतात. रान कोणाचे आणि हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्या मुलींना त्यामुळे चटकन समजतो.

मग मी जगाचा नकाशा जमिनीवर पसरते आणि तुरीच्या डाळीचे दाणे त्यावर ठेवते. एक दाणा हवाई बेटांवर, एक ग्वामवर, एक फिलिपाइन्सवर आणि एक पोर्टो रिकोवर. हे सर्व मुलूख १८९८ या एका वर्षात अमेरिकेच्या हाती गेले. क्यूबाचे लोक स्पेनच्या राज्याविरुद्ध लढत होते. त्यांना सोडवितो म्हणून अमेरिकेने एप्रिलमध्ये स्पेनशी युद्ध पुकारले. लढाई चार महिन्यांत आटोपली. डिसेंबरात पॅरिसला तह झाला. पोर्टो रिको व ग्वाम तसेच घेतले आणि फिलिपाइन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर दिले. फिलिपाइन्सच्या लोकांनी जूनमध्येच आपले स्वातंत्र्य जाहीर केले होते. त्यांना कोणी विचारले नाही. घरात माणसे राहात असताना घराचा सौदा दुसऱ्या दोघांनी करावा, तसे झाले! पुढे १८९९ पासून त्यांना अमेरिकेशीच लढावे लागले, आणि खरे स्वातंत्र्य मिळाले ते ४ जुलै १९४६ रोजी.

हवाईची हकीकत तर बायकांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. तेथे लिलिउओकलानी नावाची राणी होती. उसाचे मळे आणि साखरेचा व्यापार गोऱ्या लोकांच्या हातात होता. १८९३ च्या जानेवारीत त्यांच्यातल्या पुढाऱ्यांनी राणीला गादीवरून उतरविले. अमेरिकेचे सैनिक त्या वेळी किनाऱ्यावर उतरलेले होते. आपले राज्य अमेरिकेत विलीन होऊ नये म्हणून १८९७ साली तेथील लोकांनी अर्ज केला. त्यावर एकवीस हजारांहून अधिक सह्या होत्या. आणि सह्या गोळा करण्यात तेथील बायकांचे मंडळ पुढे होते! तरीही १८९८ च्या जुलैत ती बेटे खालसा झाली. आपल्याकडे १८५४ साली झांशी खालसा झाली, त्याच जातीचे हे दुःख. पुढे १९९३ साली अमेरिकेच्या सरकारने हवाईच्या मूळ लोकांची रीतसर माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

एकदा एका मुलीने मला विचारले की, मग रमाबाईंना पैसे देणारे ते अमेरिकन लोक वाईट होते का? प्रश्न बरोबर होता. मी तिला सांगितले की, एकाच घरात दळण देणारी थोरली जाऊ आणि बांध कोरणारा दीर असू शकतो. बोस्टनच्या ज्या बायका परक्या देशातल्या विधवांसाठी वर्गणी गोळा करीत, त्यांचा चांगुलपणा खरा होता. फिलिपाइन्सवर तोफा चालविणारे त्यांचे सरकारही खरे होते. अमेरिकेतही या मुलूखगिरीला विरोध करणारे लोक होते, आणि १८९८ साली बोस्टनमध्येच त्यांनी आपली संस्था काढली. मुलांना दोन्ही सांगावे. नुसता द्वेष शिकवू नये आणि नुसती आरतीही ओवाळू नये.

रमाबाईंनी हीच कसोटी सर्वांना लावली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. तारीख आनंदीबाईंच्या पदवीची! पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पहिल्याच विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ साली तिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. आनंदीबाई कर्वे म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच १८९३ साली सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा आरोप होऊन पुण्यात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. रमाबाई टिकून राहिल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची जी आबाळ होई, तिच्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. ते प्रकरण थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेले. धर्माने ख्रिस्ती, मदत गोऱ्यांची, तरी गोऱ्या सरकारला दोष द्यायला ही बाई भ्याली नाही.

दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा, १८९८ साली, त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि मदतीची नवी व्यवस्था लावून आल्या. युद्धाचे आणि बेटे घेण्याचे वर्ष ते हेच. तोवर इकडे दुष्काळाने हाहाकार केला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली, विधवा गाड्या भरून घेऊन आल्या. ज्या दुष्काळाने त्यांचे आईबाप नेले, त्याच्या तोंडातून त्या दुसऱ्यांची लेकरे ओढून काढीत होत्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. पुढे छपन्नाचा दुष्काळ पडला. त्याच्या आठवणी आपल्या खानदेश-बागलाणात आजीपणजीच्या तोंडून उतरत आल्या आहेत. त्यानंतर मुक्तीत दीड हजारांहून अधिक बायका व मुली होत्या. शेती, विणकाम, छापखाना, सुतारकाम असे पोट भरणारे उद्योग त्यांना शिकविले जात. मनोरमाबाईंनी अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविले.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत आणण्यात घालविली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. तो घाव सोसून आईने हातातले काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी देह ठेवला.

भगिनींनो, रमाबाईंजवळ सत्ता नव्हती, धन नव्हते, माहेर नव्हते. नजर मात्र स्वच्छ होती. आपल्या समाजाने विधवांवर केलेला अन्याय त्यांनी परमुलखात सांगितला म्हणून येथले लोक रागावले. पण परमुलखाचा अन्यायही त्यांनी घरी येऊन तेवढ्याच स्पष्टपणे लिहिला, हे त्या रागात झाकून गेले. आपली मुले आता शिकून दूरदूर जातात, अमेरिकेलाही जातात. तेथले चांगले ते जरूर घ्यावे. परंतु दुबळ्याची जमीन, बाईचा हक्क आणि हरलेल्याची बाजू हे तिन्ही विचारल्याशिवाय कोणत्याही देशाला थोर म्हणू नये, आपल्या देशालाही नाही. एवढे जरी आपण आपल्या लेकींना शिकविले, तरी रमाबाईंचे ऋण थोडेसे फिटेल.